पारावरची जयंती : पंचवीस दिवसांत चार जन्मदिवस, आणि गाण्याआधी कोणाचे नाव घ्यायचे?

पारकरी (तालुका चांदूर बाजार), २२ मार्च

सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाने यंदा एक बेत योजला आहे आणि त्यासाठी आपल्यातील जाणत्यांचा सल्ला हवा आहे. दिनदर्शिकेवर नोंदी करताना माझ्या ध्यानात आले की, विदर्भाच्या मातीत जन्मलेल्या आणि महाराष्ट्रभर गाण्यांतून पोहोचलेल्या चार जणांचे जन्मदिवस अवघ्या पंचवीस दिवसांत येतात. सुरेश भट १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मले, तुकडोजी महाराज ३० एप्रिल १९०९ रोजी यावलीत, वसंतराव देशपांडे २ मे १९२० रोजी मूर्तिजापुरात आणि कवी ग्रेस १० मे १९३७ रोजी नागपुरात. हे चारही दिवस भर उन्हाळ्यात पडतात, ही आमच्या दृष्टीने सोयीचीच गोष्ट आहे. तोवर गहू-हरभरा घरात आलेला असतो, पऱ्हाटी उपटून झालेली असते, शाळांना सुट्ट्या लागू लागतात, आणि दिवसा उन्हामुळे कोणी घराबाहेर पडत नसल्याने माणसांची खरी गाठभेट रात्री पारावरच होते.

आता गेल्या वर्षीची माझी चूक सांगतो. पारावर ध्वनिक्षेपक लावून आम्ही जुनी मराठी गाणी ऐकवली होती आणि निवेदन माझ्याकडे होते. ‘मेंदीच्या पानावर’ लावण्यापूर्वी मी फक्त ‘लताबाईंचे गाणे’ एवढेच सांगितले. गाणे संपल्यावर मागे बसलेल्या एका वयस्कर कास्तकारांनी विचारले, “बाप्पा, गायलं तं बाईनं, पन लिवलं कोनं?” मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पाहिले, तेव्हा कळले की ते गीत सुरेश भटांचे आहे, आणि आमच्या गावाहून अमरावती एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे. तेव्हापासून मनात ठरवून टाकले आहे की, पुढच्या वेळी गीतकार, संगीतकार आणि गायक या तिघांची नावे घेतल्याशिवाय एकही गाणे लावायचे नाही किंवा म्हणायचे नाही. मात्र प्रत्येक गाण्याआधी तीन-तीन नावांची यादी वाचली, तर लोक जांभया देतील, अशीही भीती वाटते. कार्यक्रमाची मांडणी कशी करावी, हे कृपया सुचवावे.

खडूफळा (निवृत्त शिक्षक, अचलपूर), २३ मार्च

पारकरी, बेत उत्तम आहे. भटांच्या रात्रीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चौघांमध्ये गावकऱ्यांना सर्वांत सहज सामावून घेता येईल, असे त्यांचेच काव्य आहे.

पहिली गोष्ट ही की, भटांची सगळीच गाणी गझल नसतात, त्यामुळे निवेदनात सरसकट ‘गझल’ म्हणू नये. ‘मेंदीच्या पानावर’ हे गीत आहे. ‘केव्हातरी पहाटे’ ही मात्र गझल आहे आणि श्रोत्यांना गझल म्हणजे काय हे दाखवून द्यायला तिच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. तिच्यात ‘रात गेली’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्याला उर्दूत रदीफ आणि मराठीत अन्त्ययमक म्हणतात. त्याच्या आधी ‘उलटून’, ‘हरवून’, ‘फसवून’ असे जे जुळणारे शब्द येतात, तो काफिया, म्हणजे यमक. पहिल्या द्विपदीच्या, म्हणजे दोन ओळींच्या जोडीच्या, दोन्ही ओळींत हे दोन्ही असतात आणि पुढच्या प्रत्येक द्विपदीत फक्त दुसऱ्या ओळीत. एवढे दोन मिनिटांत समजावून सांगितले की, तिसऱ्या द्विपदीपासून पारावरची माणसे ‘रात गेली’ स्वतःच म्हणू लागतील. भजनात धृपद आले की टाळकरी जसे आपोआप उचलून धरतात, तसाच हा प्रकार आहे. स्वतः भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ नावाची पुस्तिका लिहिली होती. म्हणजे समजावून सांगणे हे त्यांनाही कमीपणाचे वाटत नव्हते.

दुसरे असे की, त्यांच्या वाटचालीबद्दल सांगताना नुसती सनावळी वाचू नये, सनांमधले अंतर सांगावे. ‘रूपगंधा’ हा पहिला संग्रह १९६१ मध्ये आला आणि ‘रंग माझा वेगळा’ हा दुसरा १९७४ मध्ये, म्हणजे मध्ये तेरा वर्षे गेली. लहानपणीच पोलिओमुळे त्यांचा पाय अधू झाला होता. पुढे हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींतून त्यांचे शब्द घरोघरी गेले. ‘सिंहासन’ या १९७९ च्या चित्रपटातील ‘उषःकाल होता होता’ आणि ‘उंबरठा’ या १९८२ च्या चित्रपटातील ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ ही दोन गाणी लागोपाठ म्हटली, तर एकाच लेखणीतला संताप आणि एकटेपणा एका बैठकीत ऐकू येतो. शाळकरी मुलांना हाताशी घ्यायचे असेल, तर कौशल इनामदारांनी चाल दिलेले ‘लाभले आम्हास भाग्य’ त्यांना शाळेतून पाठ असते. मुलांना ते कोणाचे हे बहुधा ठाऊक नसते, हा भाग वेगळा. आणि त्यात दोष आम्हा शिक्षकांचाच आहे.

निळी पहाट (यवतमाळ जिल्हा), २३ मार्च

गुरुजी, आपण एका गाण्याचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहिते. ‘भीमराया घे तुझ्या या लेकरांची वंदना’ हेदेखील सुरेश भटांचेच आहे. आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या रात्री ते म्हटल्याशिवाय जयंतीचा कार्यक्रम पुढे सरकत नाही. गंमत अशी की, बाबासाहेबांची जयंती १४ ला आणि ज्यांनी ही वंदना लिहिली त्यांचा जन्मदिवस १५ ला. पारकरीदादा, आपल्या गावात १४ तारखेचा मंडप, बैठक आणि गाणारी माणसे तयारच असतील. वाचनालयाने वेगळा खर्च करण्यापेक्षा समाज मंदिरातील मंडळींना विचारून त्याच मंडपात दुसरी रात्र करावी. त्यामुळे गावातली दोन टोके एका बैठकीत बसतील, हा फायदा मी वेगळा सांगायला नको.

नावे घेण्याच्या मुद्द्यावर मला एक निराळी गोष्ट सुचते. वामनदादा कर्डक आमच्याकडचे नव्हेत, त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. पण विदर्भात असे एकही भीमगीत मंडळ नसेल, ज्याच्या वहीत त्यांची गाणी नाहीत. त्यांच्या कित्येक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. गाणारी बाई निरक्षर असली, तरी गाणे कोणाचे हे तिला गाण्यातूनच कळते. ही नाममुद्रा भावगीतात आणि चित्रपटगीतात नसते, आणि म्हणून ती गाणी गाणाऱ्याच्या नावावर जमा होतात.

पारकरी, २३ मार्च

ताई, हे माझ्या ध्यानात कधीच आले नव्हते. तुकडोजी महाराजांच्या भजनातही शेवटी ‘तुकड्या’ येतोच की! म्हणजे आमच्या गावाला गीतकाराचे नाव घेण्याची सवय नव्हती असे नाही. ती सवय गाण्यातच शिवलेली होती आणि रेडिओ-चित्रपटांच्या गाण्यांबरोबर सुटली. मग गेल्या वर्षी मला प्रश्न विचारणाऱ्या त्या काकाजींचे काहीच चुकले नाही. ते शेवटच्या कडव्यात नावाची वाट पाहत होते आणि ते आले नाही, म्हणून त्यांनी विचारले.

खंजिरी (तालुका तिवसा), २४ मार्च

जय गुरुदेव. धागा वाचून आनंद झाला; परंतु एक दुरुस्ती नम्रपणे सुचवतो. ३० एप्रिलला महाराजांचा ‘वाढदिवस’ असा फलक लावू नये. तो दिवस ग्रामजयंती म्हणून साजरा होतो, म्हणजे व्यक्तीचा नव्हे, तर गावाचा दिवस. सकाळी ग्रामसफाई, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना आणि रात्री खंजिरी भजन, असा त्याचा साधा क्रम ठेवावा आणि महाराजांच्या ‘ग्रामगीता’ या ग्रंथाच्या ४१ अध्यायांपैकी एखाद्या अध्यायाचे वाचन करावे. केक, फुगे, मेणबत्त्या यांपैकी काहीही आणू नये. पुष्कळांचा आणखी एक गोंधळ होतो तो असा की, महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चे असले, तरी त्यांच्या मोझरीच्या आश्रमातला पुण्यतिथी महोत्सव तिथीने येतो. ग्रामजयंती मात्र तारखेनेच असते.

महाराजांची ओळख करून देताना ‘थोर संत’ एवढ्यावर भागवू नका, गीतकार म्हणूनही त्यांच्याकडे पाहा. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत लिहिणारा, स्वतः चाल बांधणारा, स्वतः गाणारा आणि स्वतःच खंजिरी वाजवणारा माणूस. ‘या झोपडीत माझ्या’ शाळेत शिकलेली पिढी अजून आहे, पण तीच पिढी हे विसरते की, १९४२ च्या चिमूर आणि आष्टीच्या उठावाच्या काळात याच खंजिरीमुळे त्यांना तुरुंगात जावे लागले. पारावर ही भजने म्हणताना चाल ‘सुधारण्याच्या’ भानगडीत कोणी पडू नये, एवढी माझी विनंती.

आता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात खंजिरीचे कातडे ताणले जाते आणि आवाज फार चढतो, कधीकधी कातडे फाटतेही. ओल्या बोटाने आतून किंचित पाणी फिरवले की ती उतरते. तबल्याचे याच्या उलट होते. श्रोत्यांसाठी लावलेल्या कूलरचा झोत तबल्याकडे असेल, तर दमट हवेने पुडी सैल पडते आणि वादक बिचारा अर्धा कार्यक्रम हातोडी मारत बसतो. कूलर लावाच, परंतु त्याचे तोंड श्रोत्यांकडे ठेवा.

मेहकरी (बुलढाणा जिल्हा), २५ मार्च

चारच नावे घेतल्याबद्दल माझी तक्रार नोंदवतो. ना. घ. देशपांडे यांना वगळून वैदर्भीय गीतकारांची कोणतीही यादी पुरी होत नाही. सिंदखेडराजाला जन्म, मेहकरला वकिली आणि सारे आयुष्य तिथेच. मराठी भावगीताचा आरंभ ज्या गाण्यापासून मानतात, ते जी. एन. जोशींनी गायलेले ‘रानारानांत गेली बाई शीळ’ याच माणसाने लिहिले. मुंबई-पुण्याला न जाता तालुक्याच्या गावी राहून लिहिलेले गीत ध्वनिमुद्रिकेवरून मराठी मुलखात सर्वत्र गेले, ही गोष्ट आपल्या पारावर सांगण्यासारखी आहे. त्यांना ‘खूणगाठी’साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मला ठाऊक आहे, पारकरी म्हणतील की त्यांचा जन्मदिवस २१ ऑगस्टला येतो आणि तेव्हा सारे गाव निंदणाला गेलेले असते. परंतु त्यांचे निधन १० मे २००० रोजी झाले, म्हणजे तो ग्रेस यांच्या जन्मदिवसाचाच दिवस. शिवाय जगदीश खेबुडकरही १० मे १९३२ चेच. ते कोल्हापूरकडचे म्हणून सोडून द्या. शेवटच्या रात्री ग्रेस यांच्याबरोबर ना. घं.चे एक गाणे झालेच पाहिजे.

नवतरुण (हिंगणघाट), २५ मार्च

ज्येष्ठांची क्षमा मागून विचारतो, की आपण केवळ दिवंगतांचीच जयंती करणार आहोत का? वैशाली माडे आमच्या हिंगणघाटच्या. २००९ मध्ये हिंदी ‘सारेगमप’ जिंकल्या आणि २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’तील ‘पिंगा’त श्रेया घोषाल यांच्याबरोबर त्यांचा आवाज आहे. भीमराव पांचाळे अमरावती जिल्ह्यातलेच; मराठी गझल गावोगावी नेण्यात त्यांचे आयुष्य गेले. विठ्ठल वाघांचे ‘काळ्या मातीत मातीत’ तर पेरणीच्या वेळी आमच्या ट्रॅक्टरवर अजून लागते. ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याला ते ऐकता येईल, अशा वेळीच का सांगू नये?

दुसरा प्रश्न : गावात वादक नसतील, तर कराओके चालेल का? मोबाइल जोडला की झाले, आणि लाजणारी मुलेही गातात.

खडूफळा, २५ मार्च

नवतरुण, पहिला मुद्दा पूर्णपणे मान्य. वाघसरांचे ते गीत अनिल-अरुण यांच्या संगीतात ‘अरे संसार संसार’ या चित्रपटात आले आणि तिफणीचे इतके नेमके गाणे मराठीत दुसरे नाही, असे माझे मत आहे. मात्र हयात कलावंतांच्या जन्मतारखांच्या मागे फार लागू नये. आमच्या पिढीत गुरुजींनी शाळेत नाव घालताना निम्म्या गावाचा जन्म १ जुलैला लावलेला आहे, माझाही. गावातला दंडारीचा ढोलकीवाला, भुलाबाईची शंभर गाणी पाठ असलेली आजी, यांच्या तारखा कोण सांगणार? त्यांचा सत्कार चारपैकी कोणत्याही रात्री करावा.

कराओकेबद्दल मात्र माझे मन धजत नाही. यंत्र गायकासाठी थांबत नाही. गझलेत तर एखादी ओळ पुन्हा घ्यावी लागते, श्रोते दाद देतात तेव्हा थांबावे लागते. निदान पहिल्या दोन रात्री तरी पेटी-तबल्यावरच व्हाव्यात.

शकुंतला पॅसेंजर (मूर्तिजापूर), २७ मार्च

आमच्या गावाचे नाव निघाले म्हणून लिहितो. एकेकाळी इथून यवतमाळ आणि अचलपूर अशी दोन्हीकडे धावणारी अरुंद रुळांची शकुंतला सर्वांना माहीत असते. वसंतराव इथे जन्मले हे सांगितले की लोक चकित होतात. त्यांची गाण्याची तालीम नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. ज्या ‘कट्यार काळजात घुसली’मुळे खाँसाहेबांची भूमिका म्हटली की वसंतरावच डोळ्यांपुढे येतात, ते नाटक २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आले, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. आमच्याकडे चाळिशीतच ‘आता काय राहिले’ म्हणणाऱ्यांची कमतरता नाही, म्हणून हा आकडा मी मुद्दाम सांगतो.

याच नाटकाच्या निमित्ताने तीन नावे घेण्याचा पारकरींचा नियम किती उपयोगाचा आहे, ते पाहा. ‘घेई छंद मकरंद’ कोणाचे, असे विचारले तर सगळे वसंतराव म्हणतील. शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, म्हणजे नागपूरच्या दारव्हेकर मास्तरांचे. संगीत गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींचे. म्हणजे २ मेच्या रात्री गायकाबरोबर एका वैदर्भीय गीतकाराचाही सन्मान आपोआप होतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी : तरुण मंडळी हौसेने ‘सूर निरागस हो’ म्हणायला उठतील. ते २०१५ च्या चित्रपटातील आहे, मूळ नाटकातील नाही, आणि वसंतरावांनी ते गायलेले नाही. चित्रपटात खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले आहेत. एवढा धागा जोडून दिला, तर हरकत नाही.

झाडीपट्टीकर (वडसा), २८ मार्च

आमच्याकडचा नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळा लागला की ओसरतो. एप्रिल-मे महिन्यांत आमचे ऑर्गनवादक आणि तबलजी लग्नांतून वेळ काढून येऊ शकतात. नाट्यपदांना साथ करण्याची त्यांना सवय असते, त्यामुळे २ मेसाठी मी एक जोडी पाठवू शकतो. मानधन त्यांच्याशी आधी बोलून ठरवावे आणि कार्यक्रम संपताच हातात द्यावे. मागाहून पाठवतो म्हणणाऱ्या एका आयोजकाचा अनुभव आम्ही घेतलेला आहे.

ग्रेस यांच्याविषयी मात्र मला शंका वाटते. ‘भय इथले संपत नाही’ चाल आणि आवाज यांमुळे कानाला गोड लागते. परंतु दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला त्याचा अर्थ कोण सांगणार?

निळी पहाट, २८ मार्च

अर्थ सांगू नये, हेच उत्तर आहे. आमच्या घरी आजी जात्यावर म्हणायची त्या कित्येक ओव्यांचा अर्थ तिलाही सांगता येत नसे, पण दळताना तिचे डोळे भरून येत. ग्रेस नागपुरात शिकवत असत, ‘संध्याकाळच्या कविता’ हा पहिला संग्रह १९६७ मध्ये आला, ‘वाऱ्याने हलते रान’ या ललित लेखनाला २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये ते गेले. एवढे सांगून दिवे थोडे मंद करावेत आणि गाणे म्हणावे. ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ म्हटल्यावर १० मेच्या उकाड्यात पावसाच्या नुसत्या शब्दानेही लोक गप्प होतील.

पारकरी, ३० मार्च

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ठरले ते असे. पहिली रात्र समाज मंदिरापुढच्या मंडपात होईल. तेथील मंडळींनी आनंदाने होकार दिला आहे. ३० एप्रिल ही ग्रामजयंतीच राहील आणि फलकावर वाढदिवस हा शब्द येणार नाही. २ मे रोजी वडशाहून ऑर्गन येईल. १० मे रोजी ग्रेस आणि ना. घ. देशपांडे. कराओके फक्त शेवटच्या रात्री आणि फक्त मुलांसाठी. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो आणि आमच्याकडे माणसे साडेआठशिवाय जमत नाहीत. तेव्हा प्रत्येक रात्री दहा-अकरा गाण्यांच्या पुढे जाता येणार नाही.

नावे वाचून दाखवण्याऐवजी शाळेचा जुना फळा मंडपात ठेवायचा आणि गाणे सुरू होण्याआधी एका मुलीने त्यावर तीन नावे मोठ्या अक्षरांत लिहायची, असे वाचनालयाच्या बैठकीत ठरले. शेवटचे कडवे संपले की, सर्वांनी मिळून गीतकाराचे नाव मोठ्याने उच्चारायचे. गाण्यात नाममुद्रा नाही, तर ती आपण बाहेरून लावायची.

पारकरी, १६ एप्रिल

काल रात्रीची हकिगत थोडक्यात कळवतो. साडेआठची वेळ होती, सुरुवात नऊला दहा कमी असताना झाली. वीज एकदा गेली, वीस मिनिटे अंधारातच गाणे चालले आणि त्या वीस मिनिटांतच बैठक खरी रंगली. ‘केव्हातरी पहाटे’च्या वेळी खडूफळा गुरुजींचा अंदाज चुकला : लोक तिसऱ्या नव्हे, दुसऱ्याच द्विपदीला ‘रात गेली’ म्हणू लागले.

आदल्या रात्री ज्या मावशींनी वंदना म्हटली होती, त्यांनीच काल ती पुन्हा म्हटली. मागील पंचवीस-तीस वर्षे त्या ती म्हणत आल्या आहेत. मुलीने फळ्यावर सुरेश भट, अमरावती, असे लिहिले, तेव्हा त्या पेटीवाल्याला थांबवून म्हणाल्या, “हा मानूस आपल्या अमरावतीचा व्हय? मंग मले कोनं सांगतलं कसं नाही?” कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आपली वही माझ्यापुढे धरली आणि त्या पानावर वरच्या कोपऱ्यात नाव लिहून घेतले. वहीत अशी आणखी पुष्कळ गाणी बिननावाची आहेत. त्यांपैकी अकरा गाण्यांचे मुखडे मी उतरवून आणले आहेत आणि उद्या इथे देतो. ज्यांना जे ओळखता येईल, त्यांनी ते खात्री करूनच सांगावे. ३० तारखेपूर्वी वही परत द्यायची आहे.

खंजिरी, १६ एप्रिल

मुखडे अवश्य द्या. आणि खंजिरीसाठी पाण्याची वाटी मंडपात ठेवायला विसरू नका.